तपमान, धातू आणि प्रकाश : ग्रहणापासून गोठलेल्या वायूपर्यंत

भाजीत मीठ टाकताना चिमूटभर मीठ गॅसच्या निळ्या ज्योतीवर सांडले, तर ज्योत क्षणभर पिवळीजर्द होते. हे आपल्या घरातील प्रत्येक आईने, बहिणीने पाहिलेले असते. जळगावच्या सराफ बाजारात काम करणाऱ्या कारागिरालाही ठाऊक असते, की ज्योतीत तांबे तापले म्हणजे ज्योतीला हिरवी झाक येते. मिठातील सोडियम पिवळा प्रकाश देतो, तांबे हिरवा देते. प्रत्येक धातूच्या अणूचा स्वतःचा असा रंग असतो, हे आपल्या शाळांतील विद्यार्थी प्रयोगशाळेत शिकतात आणि परीक्षेत लिहितातही.

परंतु यापुढचा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. तोच धातू दुप्पट, चौपट तापवला तर त्याचा प्रकाश तोच राहील काय? आणि उलट, तोच धातू बर्फाहूनही कितीतरी थंड अशा ठिकाणी नेऊन ठेवला तर? या साध्या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी जगातील शास्त्रज्ञांना कित्येक दशके खपावे लागले. त्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान आपल्या महाराष्ट्रात लिहिले गेले आहे. त्याची ओळख पालकांना आणि विद्यार्थ्यांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ग्रहणाकडे पाहण्याची दृष्टी

या इतिहासाचा सूर्यग्रहणाशी फार जवळचा संबंध आहे. ग्रहण म्हटले की आजही काही घरांत भीती असते. वास्तविक आपल्याकडे ग्रहणाच्या वेळी कुसूफची नमाज पढण्याची शिकवण आहे, घाबरून बसण्याची नाही. हजरत पैगंबरांचे (स.) पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले होते. लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले, तेव्हा कोणाच्या मृत्यूमुळे किंवा जन्मामुळे सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नसते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. स्वतःच्या दुःखाच्या प्रसंगीही अंधश्रद्धेला थारा न देणारी ही शिकवण आहे.

याच वृत्तीने पुढे बसरा येथे जन्मलेल्या आणि कैरो येथे आयुष्य वेचलेल्या इब्न अल-हैसम यांनी, सुमारे एक हजार वर्षांपूर्वी, प्रकाशाचा अभ्यास केला. 'किताब अल-मनाझिर' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. ग्रहण लागलेल्या सूर्याचा प्रकाश बारीक छिद्रातून आत घेतला असता भिंतीवर जी आकृती पडते, तिच्यावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. नुसता तर्क करून भागत नाही, तो प्रयोगाने पडताळला पाहिजे, हा धडा त्यांनी घालून दिला.

प्रकाशाच्या रेषा

इ. स. १८५९-६० च्या सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग येथे किर्खोफ आणि बुन्सेन या दोघा प्राध्यापकांनी तापलेल्या धातूंच्या वाफेचा प्रकाश त्रिकोणी काचेतून, म्हणजे लोलकातून, पाहिला. इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा न दिसता त्यांना ठरावीक जागी ठरावीक रंगाच्या बारीक रेषा दिसल्या. प्रत्येक धातूच्या रेषा निराळ्या होत्या. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे या रेषांवरून धातू ओळखता येऊ लागला. रुबिडियम आणि सीझियम ही दोन नवी मूलद्रव्ये त्यांनी याच पद्धतीने शोधून काढली. या उपकरणाला वर्णपटदर्शक म्हणतात.

आता माणसाला हात न लावता सूर्यही तपासता येऊ लागला. मात्र एक अडचण होती. सूर्याच्या तळपत्या पृष्ठभागावर वायूंचा जो पातळ थर आहे, तो त्या प्रखर तेजात दिसत नसे. खग्रास ग्रहणात चंद्र ते तेज झाकून टाकतो. मग एक-दोन सेकंदांपुरत्या त्या थरातील कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम इत्यादी धातूंच्या रेषा एकदम चमकून उठतात. हे दोन सेकंद पकडण्यासाठी शास्त्रज्ञ समुद्र ओलांडून हजारो मैल प्रवास करीत.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी असे ग्रहण भारतातून दिसले. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून त्याचे वेध घेतले. त्या वेळी आढळलेली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषेशी जुळत नव्हती. ती हेलियमची होती, हे पुढे सिद्ध झाले. लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने हेलियमचा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून लावला, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. पण १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्येच होते आणि तेथूनच त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी ग्रहणाशिवाय सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ते विजयदुर्गास आले खरे, पण तीस वर्षांनंतर.

लॉकियर यांना पडलेले कोडे

मधल्या तीस वर्षांत लॉकियर यांनी प्रयोगशाळेत एक विलक्षण गोष्ट पाहिली होती. कॅल्शियम साध्या ज्योतीत तापवला तर एक प्रकारच्या रेषा ठळक दिसतात. तोच विजेच्या प्रखर ठिणगीत तापवला तर त्या रेषा फिक्या पडतात आणि निराळ्याच रेषा जोर धरतात. धातू तोच असताना तपमान वाढताच अणूची ओळखच बदलल्यासारखी वाटे. भयंकर उष्णतेत मूलद्रव्याचेच तुकडे पडत असावेत, असे लॉकियर म्हणू लागले. समकालीन रसायनशास्त्रज्ञांनी त्यांचे म्हणणे मानले नाही, कारण अणू अभंग आहे असेच त्या वेळी सर्व जण समजत.

सूर्याने तर कोडे आणखी अवघड केले. सूर्यापासून जसजसे वर जावे तसतसे वातावरण अधिक तापत नसावे, अशीच त्या काळच्या शास्त्रज्ञांची समजूत होती. तरीही ठिणगीत ठळक होणाऱ्या कॅल्शियमच्या रेषाच सर्वांत उंचावर, पृष्ठभागापासून सुमारे १४,००० किलोमीटरपर्यंत सापडत. ज्योतीतली रेषा मात्र खालीच संपे. याचा उलगडा होण्यासाठी अधिक ग्रहणे आणि अधिक छायाचित्रे हवी होती.

२२ जानेवारी १८९८

ही संधी महाराष्ट्रात चालून आली. शनिवार, २२ जानेवारी १८९८ रोजी चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरली आणि सोलापूर जिल्हा व वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे गेली. चांद्र महिन्याच्या अखेरीसच सूर्यग्रहण लागते. त्याप्रमाणे तो शाबान महिन्याचा शेवट होता आणि एक-दोन दिवसांतच रमजान सुरू झाला. काळ कठीण होता. नुकताच दुष्काळ होऊन गेला होता आणि मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातले होते.

तशाही परिस्थितीत ठिकठिकाणी तंबू उभे राहिले. विजयदुर्गावर लॉकियर यांनी आपली उपकरणे मांडली. सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळच्या जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले. वऱ्हाडातील तळणी या लहानशा स्टेशनाजवळ ब्रिटिश खगोल मंडळाच्या सभासदांनी तळ ठोकला. त्यांच्यात माँडर पती-पत्नी आणि जॉन एव्हरशेड हे होते. मुंबईहून तळणीला जाणारा रेल्वेमार्ग पाचोरा, जळगाव, भुसावळ या आपल्याच स्टेशनांवरून जातो. त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता. धुळे हे त्याचे मुख्य ठाणे होते आणि पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले. खानदेशातून ग्रहण खंडग्रास दिसले, तरी भर दुपारी ऊन मलूल होण्याइतका सूर्य झाकला गेला होता.

खग्रास अवस्था टिकली सुमारे दोन मिनिटे. तेवढ्यात एव्हरशेड यांनी तळणीहून धातूंच्या रेषांची उत्तम छायाचित्रे मिळवली. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंबुपार भागातील रेषाही त्यांत उमटल्या होत्या. श्रीमती ॲनी माँडर यांची गोष्ट आमच्या मुलींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. त्या ग्रिनिच वेधशाळेत काम करीत होत्या. १८९५ साली विवाह झाल्यावर त्या वेळच्या नियमाप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागली. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही आणि तळणी येथे एका छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातील एका अतिशय लांब किरणाचे छायाचित्र घेतले. तोपर्यंत एवढा लांब किरण कोणालाच टिपता आला नव्हता.

पुण्याची वेधशाळा

या सर्व पाहुण्यांत एक घरचा माणूसही होता. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे हुशार विद्यार्थी आणि पुढे तेथेच अध्यापक. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला वर्णपटाच्या अभ्यासासाठी ५,००० रुपयांची देणगी दिली. सरकारने तेवढीच भर घातली. नायगामवाला इंग्लंडला गेले, तेथे लॉकियर यांना भेटले आणि नुसत्या प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारावी असे ठरले. अशा रीतीने पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' सुरू झाली. तेथील २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती.

१८९८ च्या ग्रहणासाठी नायगामवाला जेऊरला गेले आणि त्यांनी सूर्याच्या वर्णपटाचे वेध घेतले. त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ साली मुंबईत छापला गेला. एका अल्पसंख्य समाजातला माणूस, स्वतःच्या विद्येच्या जोरावर, जगातील नामवंतांच्या मांडीला मांडी लावून बसला, ही गोष्ट लहान नाही.

पण पुढे काय झाले? नायगामवाला १९१२ साली निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. त्यांच्यामागे ते काम चालवणारी फळी उभी राहिलेली नव्हती. उपकरणे बांधून दक्षिणेतील कोडाईकनालच्या वेधशाळेकडे पाठवण्यात आली. तेथे त्या वेळी संचालक होते तळणीला येऊन गेलेले तेच जॉन एव्हरशेड. दुर्बीण वाया गेली नाही, हे खरे. परंतु महाराष्ट्रातील परंपरा मात्र तेथे खंडित झाली.

मेघनाद साहांचे उत्तर

कोड्याचे उत्तर १९२० साली मिळाले आणि तेही एका भारतीयाकडून. मेघनाद साहा यांचा जन्म १८९३ साली ढाक्याजवळच्या शेवडाताली या खेड्यात एका छोट्या दुकानदाराच्या घरी झाला. घरची परिस्थिती अशी की शिकण्यासाठी एका डॉक्टरांच्या घरी आश्रयाला राहावे लागले. शाळेत असतानाच बंगालच्या फाळणीविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतला म्हणून शिष्यवृत्ती गेली. तरी ते शिकत राहिले आणि कलकत्त्यास अध्यापक झाले.

तोपर्यंत अणूच्या पोटात इलेक्ट्रॉन असतात हे समजले होते. साहा यांचे म्हणणे सोप्या भाषेत असे सांगता येईल. अणूतील बाहेरचा इलेक्ट्रॉन जिन्याच्या तळाशी उभा आहे असे समजा. थोडी उष्णता मिळाली की तो एखादी पायरी चढतो आणि खाली उतरताना ठरावीक रंगाचा प्रकाश टाकतो. ही ज्योतीतली रेषा होय. उष्णता फार वाढली तर तो जिना सोडून घराबाहेरच निघून जातो. मागे उरलेल्या अणूला आयन म्हणतात. आयनाच्या पायऱ्या निराळ्या, म्हणून त्याचा प्रकाशही निराळा. ठिणगीत जोर धरणाऱ्या रेषा या आयनाच्या होत. मूलद्रव्य फुटते हे लॉकियर यांचे स्पष्टीकरण चुकले होते, पण त्यांनी पाहिलेले मात्र अगदी खरे होते.

साहा यांनी याचे गणित मांडले. तपमान वाढले की इलेक्ट्रॉन निसटतात आणि वायू विरळ असेल तर निसटलेला इलेक्ट्रॉन सहजी परत सापडत नाही. सूर्यावर उंच भागात वायू अत्यंत विरळ असतो, म्हणून तेथे कॅल्शियमचे आयनच आढळतात. निरनिराळ्या निरीक्षकांनी ग्रहणाग्रहणांतून जमवलेल्या रेषांचा अर्थ असा एका सूत्राने लागला.

या सूत्राची कसोटीही लवकरच लागली. रुबिडियमचा इलेक्ट्रॉन फार सैल असतो. सूर्याच्या उष्णतेत तो निसटून जात असल्याने रुबिडियमच्या नेहमीच्या रेषा सूर्यप्रकाशात सापडत नव्हत्या. सूर्यावरील डाग त्या मानाने थंड असतात, तेव्हा तेथे त्या सापडाव्यात, असे साहा यांनी सांगितले. अमेरिकेतील रसेल यांनी डागांची छायाचित्रे तपासली आणि रुबिडियम सापडला.

थंडीच्या टोकाला

आता दुसरे टोक पाहू. सूर्यावर ज्याची रेषा प्रथम दिसली तो हेलियम १८९५ साली रॅम्झे यांना पृथ्वीवर सापडला. हॉलंडमधील लायडेन येथे कॅमरलिंग ओनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी त्याचा द्रव केला. हा द्रव उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळतो. सूर्याने ओळख करून दिलेला वायूच थंडीचे सर्वांत मोठे साधन ठरला, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत १९५२ साली द्रवरूप हेलियम तयार होऊ लागला.

थंडीतल्या प्रकाशाने प्रारंभी काहींना चकवले. नॉर्वेचे वेगार्ड यांनी १९२४ साली लायडेन येथे गोठवलेल्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला, तेव्हा हिरवा उजेड पडला. ध्रुवप्रदेशातील आकाशात दिसणारा हिरवा प्रकाश तो हाच, असे त्यांना वाटले. पण १९२५ साली कॅनडात मॅक्लेनन आणि श्रम यांनी तो आकाशातील प्रकाश ऑक्सिजनचा असल्याचे दाखवून दिले. रंग नुसत्या डोळ्यांना सारखा दिसणे पुरेसे नाही, तो मोजावा लागतो.

१९५४ साली अमेरिकेतील पिमेंटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोठलेल्या वायूत अणू-रेणू एकेकटे कोंडून ठेवण्याची पद्धत पुढे आणली. पुढे धातूंच्या अणूंवरही ती वापरली गेली. निर्वात पेटीत धातू तापवून त्याची थोडी वाफ करतात. तिच्या शेकडो-हजारो पट अरगॉन वायू मिसळतात आणि हे मिश्रण सुमारे उणे २६० अंशांवर ठेवलेल्या काचेवर सोडतात. अरगॉन उणे १८९ अंशांनाच गोठतो, त्यामुळे काचेवर पातळ थर जमतो आणि त्यात धातूचा एकेक अणू कैद होतो. डाळिंबाच्या गरात दाणा असावा तसा.

इतक्या थंडीत इलेक्ट्रॉनला पायरी चढवणारी उष्णता नसते. म्हणून बाहेरून प्रकाश टाकून त्याला वर चढवतात आणि उतरताना तो काय देतो ते पाहतात. येथे तीन गोष्टी आढळतात. पहिली, शेजारच्या अरगॉन अणूंचा दाब असल्याने बारीक रेषेऐवजी रुंद पट्टा दिसतो आणि त्याची जागाही सरकते. काही शक्ती शेजाऱ्यांना हलवण्यात खर्च होते, म्हणून बाहेर पडणारा प्रकाश बहुधा लाल बाजूकडे झुकतो. दुसरी, तपमान थोडे थोडे वाढवले की अरगॉनच्या जाळ्याची थरथर वाढते, पट्टा अधिक पसरतो आणि शक्ती उष्णतेच्या रूपाने गळत गेल्याने उजेड मंदावतो. पुन्हा थंड केले तर तो परततो. तिसरी, उणे २४० अंशांच्या आसपास अरगॉन मऊ पडतो, कैदी अणू सरकतात, एकमेकांना मिळतात आणि एकट्या अणूचा प्रकाश नाहीसा होतो. मग पुन्हा कितीही थंड केले तरी तो परत येत नाही.

ज्योतीत ज्या तपमानवाढीने सोडियम उजळतो, गोठलेल्या वायूत तिनेच तो विझतो. अणू तोच असला तरी त्याची परिस्थिती निराळी असते. कोणत्याही तेजाचा विचार करताना भोवतालाचाही विचार करावा लागतो, असा याचा अर्थ आहे. आपल्या देशातही हे काम झालेले आहे. कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात गोठलेल्या वायूत रेणू कोंडून त्यांचा अभ्यास करण्यात आला आहे.

आपल्यासाठी बोध

या इतिहासातून आपण काय घ्यावे? ५,००० रुपयांच्या देणगीने एक वेधशाळा उभी राहिली. एका गरीब दुकानदाराच्या मुलाने सूर्याचे कोडे सोडवले. नोकरी गेलेल्या एका स्त्रीने वऱ्हाडातल्या माळावर जगाला नवे काही दाखवले. परंतु पुण्याची वेधशाळा एका माणसाबरोबर संपली, हेही विसरून चालणार नाही. इमारत, दुर्बीण, निधी हे सर्व असूनही पुढचा माणूस तयार नव्हता.

आपल्या समाजातील शिक्षणसंस्थांपुढेही हाच प्रश्न आहे. बुजुर्गांनी पै-पैसा जमवून शाळा उभ्या केल्या, वर्गखोल्या बांधल्या. आता प्रयोगशाळेच्या कपाटांची कुलपे उघडली पाहिजेत आणि लोलक मुलामुलींच्या हाती दिला पाहिजे. पालकांना एवढीच विनंती, की मुलाने किंवा मुलीने मूलभूत विज्ञान शिकायचे म्हटले तर 'त्याने पोट भरेल काय?' हा प्रश्न रास्त असला तरी तो एकटाच विचारू नये. आणि विद्यार्थ्यांनो, ज्या दीनचा पहिला आदेश वाचण्याचा आहे, त्याच्या अनुयायांनी सृष्टीचे पुस्तकही वाचावयास हवे. आज रात्री स्वयंपाकघरात, आईच्या परवानगीने, ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकून पाहा. ती पिवळी ज्योत पाहून तुमच्यापैकी एकाला जरी पुढचा प्रश्न सुचला, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.